भाकर करपली तरी थांबायचं

माय,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. मध्ये अनेकदा तुला काही विचारावंसं वाटलं, पण या दिवसांत पडली तेवढी तुझी गरज कधी पडली नव्हती. तुझा पणतू, माझ्या मुलाचं लेकरू, अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. पाणी हवं असलं की बोट धरून माठापाशी नेणार, नको असलं की मान फिरवणार. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मग त्यांनी विचारलं, घरात याच्याशी कोण बोलतं? घरात आम्ही चौघं, आणि खरं सांगायचं तर कोणीच नाही.

त्याचं असं झालं. मुलगा पुण्याला शिकायला होता तेव्हा त्याच्या तोंडून 'जेवतोय'च्या जागी 'मी जेऊन राह्यलो' निघालं की होस्टेलातली पोरं हसायची. ते त्याच्या मनात रुतून बसलं. शिकून तो चिखलीला माझ्या पाइपच्या दुकानात आला, लग्न झालं, आणि लेकरू झाल्यावर एक दिवस हळूच म्हणाला, बाबा, याच्यासमोर आपली बोली नको, याला तरी कोणी हसायला नको. मला राग आला नाही. पण तेव्हापासून मी आणि माझी बायको लेकरासमोर तोंड उघडण्याआधी वाक्य तपासू लागलो, आणि तपासता तपासता वाक्यच राहून जाऊ लागलं. सूनबाई पुस्तकातलं चित्र दाखवून विचारायची, हे काय, आणि लगेच तीच सांगायची, हत्ती. मुलगा मोबाइल लावून द्यायचा. त्यातली बाई तर कुणाच्या उत्तरासाठी थांबतच नाही.

डॉक्टरांकडून परत येताना मला आपलं उंद्रीचं सैपाकघर आठवलं. माझ्या स्वतःच्या बोबड्या दिवसांचं काही आठवत नाही, पण धाकट्या बहिणीच्या वेळचं सगळं डोळ्यांपुढे आहे. तू चुलीपुढे बसली आहेस, ती तुझ्या मांडीला टेकून. गावातल्या मोठ्या बाईला विचारावं तशा मानानं तू तिला विचारतेस, 'काय वं बाई, आज वांगे करू का बेसन?' ती नुसती बघते. आधी आधी तिचं उत्तरही तूच द्यायचीस, आवाज बारीक करून: बेसन कर म्हणते काय, बरं. मग एक दिवस ते उत्तर तू दिलंच नाहीस. विचारलंस, आणि हात थांबवून तिच्या तोंडाकडे पाहत राहिलीस. तव्यावरून करपट वास सुटला. मला राहवलं नाही, मी मध्येच म्हणालो, बेसन. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, 'तुले इचारलं काय रे? तिचं हाये ते. तिले सापडू दे.' करपलेली भाकर माझ्याच ताटात आली, आणि तेही बरोबरच होतं. धाकटी त्या दिवशी बोलली नाही. तू रोज थांबत गेलीस. एका सकाळी ती 'बेछन' म्हणाली, तेव्हा तू हसलीसुद्धा नाहीस. नुसता पिठाचा डबा ओढलास.

मी शाळेत फार टिकलो नाही, पण दुकान उभं केलं ते या थांबण्यावरच. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. गिऱ्हाईक कसं गप्प राहतं त्यावरून मला पुढचं ऐकू येतं. लोक म्हणतात याचे कान तिखट आहेत. ते तुझे आहेत.

मी मुलाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी नातवाला दुकानात नेऊन काउंटरवर बसवू लागलो आणि मला येते त्या भाषेत त्याच्याशी बोलू लागलो. मुलगा कपाळाला आठी घालून ऐकायचा, पण अडवलं नाही. मी विचारायचो, थांबायचो. लेकरू पाइपाच्या तुकड्यातून रस्ता बघायचं. असे बरेच दिवस गेले. हे असंच राहिलं तर, असं कधी कधी वाटायचं.

परवा एक शेतकरी स्प्रिंकलरचं नोझल घ्यायला आला. मी नातवाला म्हणालो, 'काय शेठ, देऊ का यायले नोझल?' आणि थांबलो. शेतकऱ्यानं तोंड उघडलं, तसा मी हात आडवा केला. शहाणा माणूस, पाइपाच्या गुंडाळीवर टेकला आणि तोही थांबला. लेकरानं नोझलकडे पाहिलं, शेतकऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बघून म्हणालं, 'नाई.'

'मालकच नाही म्हणून राह्यले,' शेतकरी अगदी गंभीरपणे त्यालाच म्हणाला. 'मंग जाऊ का मी?'

लेकरू त्याच्याकडे वळलं. विचार केला. पुन्हा म्हणालं, 'नाई.'

म्हणजे नोझलही द्यायचं नाही आणि माणसानं जायचंही नाही. बिल लिहिता लिहिता मुलाचं पेन थांबलं होतं. मान खाली ठेवूनच तो म्हणाला, 'अजून इचारा त्याले, बाबा.'

पुढे नातू किती बोलेल, कधी बोलेल, मला ठाऊक नाही. डॉक्टरही सांगत नाहीत. तुला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हे पाठवण्याचा प्रश्न तसाही नव्हता. पण एक सांगून टाकतो. मुलाला मी बोल लावत नाही, कारण कागद पुढ्यात घेतल्यावर 'माय'च्या पुढचा पहिला शब्द मी 'तुले' असा लिहिला होता, आणि तो खोडून 'तुला' केला. जिच्यात तुझ्याशी उभ्या जन्मात एक वाक्य बोललो नाही, त्या भाषेत हे सगळं लिहून बसलो आहे.