न पाहिलेल्या तबकडीची साक्ष

प्रिय सिस्टर,

तुझं पत्र आणि सोबतचं कार्यक्रमपत्रक परवा मिळालं. गुलाबी कागदावर छापलंय आणि त्यात 'अनाकलनीय' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी आहे, पण ते जाऊ दे. रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या सभागृहात, तुमच्या त्या आकाश-अभ्यास मंडळाच्या मेळाव्यात, तू पहिल्यांदाच चारचौघांत उभी राहून बोलणार. निवृत्त होऊन महिना झाला नाही तोवर एवढं धाडस! पत्रकात तुझ्या पाठोपाठ माझा नंबर आहे. 'दोन साक्षीदार, एकच अनुभव', म्हणजे तू आणि मी. लेक-जावई पहिल्या रांगेत बसणार, उलटसुलट प्रश्न विचारायला भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक येणार, आणि तू लिहितेस की गच्चीवाली, म्हणजे मी, बाजूला उभी असली की तुला कुणाच्या बापाची भीती नाही. त्या वाक्यासाठीच हे पत्र. रविवारच्या आत तुला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर त्या प्राध्यापकांपुढे तुझं हसं होईल आणि त्याला मी कारण होईन. अकरा वर्षं आपण एकमेकींना लिहितोय आणि एकमेकींचं तोंड अजून पाहिलेलं नाही. पाहायची वेळ आली, तर ते लपवायची पाळी माझ्यावर आली आहे.

पण आधी आभार मानू दे. नंतर मानले तर ती मखलाशी वाटेल. आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि इस्पितळाने तीन आठवड्यांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. आयुष्यभर लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई मी. माझ्या दुप्पट वजनाच्या माणसाच्या अंगाखालची चादर कशी बदलायची, हे मला कोण शिकवणार? रडत रडत तुला चार ओळी खरडल्या, आणि आठवड्यात तुझं नऊ पानी उत्तर आलं, आकृत्यांसकट. चादर लांबीने गुंडाळून पाठीला कशी लावायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, टाचा गादीला टेकता कामा नयेत. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघ, लाली हटली नाही तर त्या अंगावर निजवायचं नाही. आकृतीतला माणूस तू बटाट्यासारखा काढला होतास, त्यावरून हे आजारपणातही हसले. ते नऊ कागद मी कपाटाच्या दारावर चिकटवले. हे पुढे चार वर्षं जगले आणि त्यांच्या पाठीवर एक जखम झाली नाही. घरी येणारे डॉक्टर विचारायचे, नर्स कोण ठेवलीय? मी ताठ मानेने सांगायची, पोस्टाने येते.

आणि एक कुठल्याच वैद्यकीय पुस्तकात नसेल असं तू लिहिलं होतंस. रडायचं असेल तर न्हाणीघरात नळ सोडून रड, मग तोंड धू आणि बाहेर येऊन नवऱ्यावर पहिल्यासारखीच डाफर. बायको एकाएकी गोड बोलायला लागली की आजारी माणूस घाबरतो. मी शेवटच्या दिवसापर्यंत ह्यांच्यावर डाफरले, सिस्टर. त्यांना ते फार आवडायचं. तुझ्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ मी अकरा वर्षं हातात लाल पेन न घेता वाचले, यावरूनच ओळख तुझं माझ्या आयुष्यात काय स्थान आहे ते.

आता सांगते. आमचं घर तळमजल्यावर आहे. आमच्या इमारतीची गच्ची मालकाच्या कुलपात असते आणि मी चौतीस वर्षांत तिथे एकदाही गेलेली नाही. कपडे आम्ही मागच्या बोळात वाळत घालतो, जिथून आभाळाची चिंधीएवढी पट्टी दिसते. त्या पट्टीत मी कावळे पाहिलेत, एकदा कापलेला पतंग पाहिला. बाकी काही पाहिलेलं नाही.

ज्या साप्ताहिकात तू गच्चीवालीचं पत्र वाचलंस तिथेच मी मुद्रितशोधक होते, छापण्याआधी प्रुफं तपासणारी, हे तुला मी कधी कळू दिलं नाही. शाळेत कारकून आहे असं सांगितलं होतं. आमच्याकडे एक जुनी रीत होती. पान छपाईला जायच्या वेळी कुठे चार बोटं जागा उरली की ती 'वाचक लिहितात' या सदराने भरायची, आणि वाचकांनी पुरेसं लिहिलेलं नसेल तर वाचक व्हायचं काम माझं. रस्त्यातले खड्डे, वाचनालयातून चोरीला गेलेल्या छत्र्या, तिकिटाच्या रांगेत घुसणारी माणसं, सगळ्यांविरुद्ध मी वेगवेगळ्या नावांनी तक्रारी केल्यात. एकदा तर माझ्याच पत्राला मी पुढच्या आठवड्यात खरमरीत उत्तर दिलं होतं. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटायचं नाही. भिंतीतलं भोक गवंड्याने बुजवावं, तसं ते होतं.

त्या गुरुवारी दुपारी सातव्या पानावरची मच्छरदाणीची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. संपादक दाढ काढायला गेलेले, मशीनवाला कमरेवर हात ठेवून समोर उभा. सातवं पान म्हणजे आमचं 'न उलगडलेलं' सदर, भुतंखेतं, झपाटलेल्या विहिरी, उडत्या तबकड्या. खड्ड्यांबद्दलचं पत्र तिथे शोभलं नसतं. मग एक बाई वाळलेले कपडे काढायला संध्याकाळी गच्चीवर पाठवली आणि तिच्या डोक्यावर पालथ्या परातीसारखी एक तबकडी आणून उभी केली. आवाज नाही, धूर नाही. सतरा मिनिटं दिसली, कारण सोळा लिहिलं असतं तर शेवटची ओळ अर्धी राहत होती. तरी दोन ओळी कमी पडल्या. आमच्या कचेरीच्या खाली इस्त्रीचं दुकान होतं आणि खिडकी उघडी होती, म्हणून लिहिलं की हवेत ताज्या इस्त्रीच्या कपड्यांचा वास दरवळत होता. खाली सही ठोकली, 'एक गच्चीवाली'. वीस मिनिटांत माझी गच्चीवाली जन्माला आली आणि मी चहा प्यायला गेले.

पुढच्या आठवड्यात त्रेचाळीस पत्रं आली. मी जे पाहिलं नव्हतं ते त्रेचाळीस जणांनी पाहिलं होतं! औषधविक्रेत्याने पाहिलं, निवृत्त पोस्टमनने पाहिलं, एका कंडक्टरने तर चालत्या बसच्या मागच्या काचेतून पाहिलं. संपादकांची दाढदुखी पळाली, एका पानाची दोन पानं झाली. बसथांब्यावर माणसं माना वर करून उभी राहायची आणि समोरून बस निघून गेली की कंडक्टरला शिव्या द्यायची. समोरच्या बेकरीवाल्याने गोल बिस्किटांवर साखर भुरभुरून त्यांचं नाव तबकडी ठेवलं. ज्याला त्याला एक मावसभाऊ होता आणि त्या मावसभावाच्या शेतात काहीतरी उतरलं होतं. मला आधी मजा वाटली, मग थोडी लाज, आणि मग सवय झाली. तोंड उघडलं असतं तर साप्ताहिकाची अब्रू आणि माझी नोकरी, दोन्ही गेल्या असत्या.

त्या त्रेचाळिसांत तुझा लिफाफा होता. वर लिहिलं होतं, छापायला नाही, फक्त गच्चीवालीसाठी. त्याच्या बावीस वर्षं आधी, नवीन नोकरी असताना, इस्पितळाच्या धुलाईच्या आवारात तू जे पाहिलंस ते त्यात होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला डोळे तपासून घे. मेट्रनना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी औषधांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडून काढून दुसरीकडे दिली. ती परत मिळवायला तुला तीन वर्षं लागली, आणि तेव्हापासून तू मिठाची गुळणी धरलीस. शेवटी एवढंच विचारलं होतंस, तुम्हालाही असं वाटलं का, की ते आपल्याकडे बघत होतं? मी ते पत्र फाडू शकले असते, खरं सांगू शकले असते. पण बावीस वर्षं गप्प बसलेली बाई पहिल्यांदा बोलते आणि समोरून ऐकू येतं की अहो, तो तर रिकामी जागा भरायचा मजकूर होता! मला ते जमलं नाही. मी पोस्टकार्डावर लिहिलं, हो, वाटलं. म्हटलं, एका शब्दाने कुणाचं मन शांत होत असेल तर काय बिघडलं. बिघडलं ते हे, की तुझं उत्तर आलं, मग माझं गेलं, चौथ्या पत्रात तूच 'तुम्ही'चं 'तू' केलंस, आणि खरं सांगायची वेळ मागे पडत गेली. तू दोनदा फोन नंबर मागितलास आणि मी दोन्हीदा विषय बदलला. मला कागदावर खोटं बोलता येतं, तोंडाने येत नाही.

ह्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांची जीभ जड झाली होती, पण एक दिवस मी त्यांची कूस बदलत असताना तुझ्या आकृतीकडे बोट दाखवून ते मोठ्या कष्टाने म्हणाले, सांग तिला. मी हो हो केलं. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. तू तेव्हा पाठवलेलं सांत्वनाचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटलाय, आणि दरवेळी वाचताना वाटायचं की ही माया मी फसवून मिळवली आहे. माझ्या माणसाची पाठ जिने सांभाळली तिला मी माझं खरं घरसुद्धा सांगितलं नव्हतं. तू रागावलीस तर ते माझ्या कर्माचं फळ आहे, मी कुरकुर करणार नाही. पण जे मिळालं त्याबद्दलची कृतज्ञता खोटी नाही, एवढं मात्र मान.

नुसतं कबूल करून गप्प बसायचं असतं तर चार ओळींत भागलं असतं. पत्रक आल्यावर मी तुझी सगळी पत्रं ट्रंकेतून काढली आणि दोन दिवस बसून तपासली, कचेरीत आम्ही मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी ठेवून तपासायचो तशी. त्या संध्याकाळबद्दल तू मला अकरा वर्षांत सात वेळा लिहिलंयस. कधी मी विचारलं म्हणून, कधी लेकीच्या लग्नाच्या गडबडीत सहज आठवलं म्हणून. सातही वेळा चादरींची तिसरी रांग आहे. वारा असून चादरी सरळ लोंबत होत्या. धोबी पाठमोरा होता आणि त्याची एकच बाही ओली होती. ते बॉयलरच्या धुराड्यामागे डावीकडे सरकलं आणि परत आलं नाही. मागच्या पुढच्या पत्रांत एका शब्दाची तफावत नाही. माझी सतरा मिनिटं मात्र तुझ्याच उत्तरांवरून कळतं की पुढे वीस झाली आणि एकदा अर्धा तास. माझी तबकडी आधी ॲल्युमिनियमची होती, मग सोनेरी झाली. खोटी पत्रं कशी लिहितात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे, आणि तुझं तसं नाही. तू काय पाहिलंस, तबकडी, फुगा की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. पण फक्त एक गोष्ट गाळ. तुझ्या पहिल्या पत्रात लिहिलंय, वासाचं मला आठवत नाही, पण तुम्ही म्हणता तर असेलही. आणि तिसऱ्या पत्रापासून तो इस्त्रीचा वास तुझ्या आठवणीत कायमचा राहायला आला. तो माझा आहे. त्याशिवाय सांग. प्राध्यापक नेमके त्यालाच धरतील, धुलाईच्या आवारात इस्त्रीचा वास यायचाच असं म्हणून हसतील, आणि लेकसुद्धा मान खाली घालेल. मी शनिवारच्या बसने येतेय आणि सभागृहात मागच्या रांगेत बसेन. तू शेजारी बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर तशीच परतेन. पण कुणी विचारलं की तुमच्यावर विश्वास कोण ठेवतं, तर माझ्याकडे बोट कर. मी सगळ्यांसमोर उठून सांगेन की मी काहीच पाहिलं नाही, अकरा वर्षं हिच्याशी खोटं बोलले, आणि हिने जे पाहिलं ते पाहिलंच, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तुझीच,
साप्ताहिकातली प्रूफवाली