बसऱ्याच्या मागं चार गाड्या

मुक्काम मुरगूड, माघ महिना, सन १९२१

चिरंजीव कृष्णात यास,

तुझ्या आक्काचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (हात बसरा शहरापर्यंत पोचत नाही, म्हणून कागदावर ठेवला आहे, असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? पोट सोसतंय का? तिकडच्या उन्हानं माणसाच्या डोक्यातलं पाणी आटतं असं पलटणीतून आलेला एक जण सांगत होता. तुझी पत्रं चार-चार ओळींची येतात त्यावरून मला ते खरं वाटायला लागलं आहे. इकडं आम्ही सगळे खुशाल. तुझे दाजी शाळेत पोरांना आणि घरात मला शिकवतात. पत्रात 'हाय' लिहू नये, 'आहे' लिहावं, असं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून मी 'आहे' लिहिते. पण आबा बोलले ते मी आबा बोलले तसंच लिहिणार. त्यांच्या तोंडात 'आहे' घालायची छाती दाजींचीही नाही.

आता बातमी सांगते. बसून वाच. आबांनी लॉरी घेतली.

व्हय, आपल्याच आबांनी. पाच वर्षांमागं तू पलटणीत मोटारीवर जायला निघालास तेव्हा ज्यांनी दारात उभं राहून "बैल सोडून लोखंडाच्या मागं चाललास, आता लोखंडाच्याच घरात ऱ्हा," असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं होतं, तेच आबा. झालं असं, की लढाई संपल्यावर सरकारनं खडकीला लष्करी लॉऱ्या लिलावात काढल्या, त्यातली एक कुणा लाकडाच्या ठेकेदारानं आणली, आणि सहा महिन्यांत ती आपल्या ओढ्याकाठच्या चिंचेखाली मेली. ठेकेदार गेला, लॉरी राहिली. वर्षभरात तिच्यावर वेल चढला, तिच्या पोटात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. बैलगाड्यांच्या चाकांवर चढवायच्या धावा करायला लोखंड होईल म्हणून आबांनी ती भंगारात घेतली, आठ बैल लावून फक्रुद्दीनच्या भट्टीसमोर आणून टाकली आणि म्हणाले, "तोड." (फक्रुद्दीन लोहार तुला आठवत असेलच. तुझ्याबरोबर शाळेतून पळायचा तोच. आता त्याला दाढी आली आहे आणि थोडी अक्कलही.) फक्रुद्दीननं घण उचलला, मग खाली ठेवला, लॉरीच्या नाकाडावरची झाकणं उघडली, फडक्यानं पुसून आत कान लावला आणि म्हणाला, "आबा, ह्ये मेल्यालं न्हाय. पडून ऱ्हायलंय नुसतं."

मला वाटलं आबा त्यालाच तोडायला लावतील. पण आबा लॉरीच्या तोंडासमोर उकिडवे बसले, बराच वेळ बसले, आणि कोपरीच्या आतल्या खिशातून त्यांनी काय काढलं असेल? तुझा फोटो! तू पहिल्या वर्षी धाडलेला, लॉरीला टेकून उभा असलेला. तो त्यांनी तेव्हा न बघता चुलीकडं भिरकावला होता आणि मी चुलीत शोधून शोधून दमले होते. पाच वर्षं खिशात बाळगून त्याच्या कडा पार मऊ झाल्या आहेत. आबांनी एकदा फोटोतली लॉरी बघितली, एकदा समोरची बघितली आणि फक्रुद्दीनला म्हणाले, "त्याच जातीची हाय. घण ठेव त्यो." मी पदर तोंडावर धरून घरात पळाले. त्याचं कारण तुला लिहीत नाही.

त्या दिवसापासून तुझा फोटो हाच आमचा नकाशा झाला. लॉरीचा कुठलाही भाग कुठं बसतो असा वाद निघाला की आबा फोटो काढायचे आणि ते, दाजी नि फक्रुद्दीन तिघं डोकी जोडून बघायचे. पण बाबा, तू उभा कुठं राहिलास! मागचं चाक फिरवणारी साखळी जिथं पुढच्या दात्यावर चढते, नेमका तिथं तुझा डावा पाय आला आहे. त्या पायाला आबांनी ज्या शिव्या घातल्या त्या दाजी लिहू देत नाहीत. फक्रुद्दीन तर फोटो तिरका धरून तुझ्या पायामागं डोकावून बघायचा. साखळी तीनदा उलटी बसली ती तुझ्यामुळं.

बाकीची दुरुस्ती आम्ही आमच्या अकलेनं केली. बैठकीखालच्या पेटीत लॉरीचं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. दाजी कोश मांडीवर घेऊन त्याचा अर्थ लावायचे, पण एक पान समजायला त्यांना दोन दिवस लागायचे आणि तोवर फक्रुद्दीननं ते काम उरकलेलं असायचं. ठिणगी पाडणारा तो मॅग्नेटो का काय, तो ओलसर होता, तर फक्रुद्दीननं तो माझ्या भाकरीच्या तव्यावर वाळवला. (तव्याला अजून रॉकेलसारखा वास येतो. दाजी तीच भाकरी निमूट खातात.) एका मागच्या चाकाचं रबर कुजलं होतं, तिथं बाभळीचं चाक करून वर लोखंडी धाव चढवली. त्यामुळं लॉरी जरा लंगडते, पण डौलात लंगडते. इंजिन गार ठेवणारी पाण्याची जाळीची पेटी चार ठिकाणी गळत होती. दाजींचं पुस्तक म्हणालं नवी आणा. आबा म्हणाले, "बैलाला जखम झाली तर आपण नवा बैल आणतो व्हय?" आणि त्यांनी मूठभर हळद पाण्यात कालवून आत ओतली. गळायचं थांबलं! दाजींनी सगळं पुस्तक धुंडाळलं, हळदीचा उल्लेख कुठं नाही.

इंजिन सुरू करायला पुढचा दांडा फिरवावा लागतो हे तुला मी काय सांगू. तो दांडा आमच्यातल्या कुणाला हलेना, म्हणून तालमीतून गुंडू पैलवानाला बोलावलं. त्यानं मांडी थोपटली, दांडा धरला, एक हिसका दिला, आणि दांड्यानं उलट हिसका देऊन त्याला उचलून फक्रुद्दीनच्या राखेत टाकलं. गुंडू उठला, अंग झाडलं आणि म्हणाला, "ह्या गड्यानं मला ढाकेचा डाव मारला की!" मग त्यानं कपाळाला माती लावली, लॉरीला हात जोडले, आणि सतराव्या खेपेला इंजिन असं गरजलं की समोरच्या दोन म्हशींनी दावी तोडली. आबा रडत होते. विचारलं तर म्हणाले, धूर गेला डोळ्यांत. धूर लॉरीच्या मागच्या बाजूनं निघत होता आणि आबा पुढं उभे होते.

आबांनी तिचं नाव ठेवलं बसऱ्या. लोकांना वाटतं, अधनंमधनं बसून राहते म्हणून बसऱ्या. मी कुणाला काही बोलले नाही. तुला मात्र कळेल.

आता एवढ्यावर थांबतील ते आपले आबा कसले? एक बैलजोडी एक गाडी ओढते, तर बसऱ्यानं एकट्यानं चार ओढाव्यात, असं त्यांच्या मनानं घेतलं. गाडीवाले हसले. त्यावर आबा भर बाजारात म्हणाले, "सकाळी निघून दिवस मावळायच्या आत चार गाड्या गूळ शाहूपुरीच्या पेठेत न्हाय पोचवला, तर ह्यो पटका उतरून तुमच्या चाकाखाली टाकीन." लोकांना खेळ वाटला. मला वाटेना. चाळीस वर्षं आबांनी गाडी हाकली, त्यांच्या डोक्यावर मिरवण्यासारखं तेवढं एकच आहे. त्यातून गाड्या चौघांकडून मागून आणलेल्या, मोडल्या तर चार घरं बसणार.

बैलांची जुवं काढली, एका गाडीची दांडी पुढच्या गाडीच्या मागं साखळीनं बांधली आणि उजाडता उजाडता आमची वरात निघाली. लॉरी वळवायच्या चक्रावर आबा, शेजारी पुस्तक उघडून दाजी, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर रस्ता बघायला फक्रुद्दीन, पहिल्या गाडीवर दांडा फिरवायला गुंडू. सगळ्यात मागच्या, चौथ्या गाडीवर ब्रेक म्हणून चाकाला लाकूड दाबायला कुणी बसेना. म्हणून पदर खोचून मी बसले. त्यामुळं लॉरी मला फक्त वळणावर दिसायची. सरळ रस्त्यावर नुसता धुरळा आणि त्यातून आबांचा "हौऽऽ हौऽऽ" असा आवाज. बसऱ्या ते ऐकतो असं आबांना अजून वाटतं.

चौथ्या गाडीचं सांगते. पहिली गाडी लॉरीच्या मनाप्रमाणं चालते, दुसरी पहिलीच्या, तिसरी जरा कुरकुरते, आणि चौथी म्हणजे घरातलं धाकटं पोर. लॉरी वीतभर वळली की मी या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. पहिल्या दोन गावांत माझ्या गाडीनं एक निवडुंगाचं कुंपण, वाळत घातलेलं एक धोतर आणि अर्धा भोपळ्याचा वेल बरोबर आणला. धोतराचा धनी कोसभर मागं पळत होता. "पावणं, माझं धोतर द्या की!" मी थांबवते कशी? फेकलं ते बिचारं भोपळ्यासकट फेकलं.

मग तो मोठा उतार आला. चार गाड्यांचा गूळ मागून ढकलायला लागला आणि बसऱ्याचा ब्रेक फक्रुद्दीनच्या भाषेत "रजेवर गेला". मी लाकूड दाबलं, लाकडाचा धूर निघाला, आणि कडाक्कन माझी साखळी तुटली. मला वाटलं, बरं झालं, आता मी मागं राहीन. तर कुठलं काय! गूळ मागं सरकला, दांडी आभाळाकडं गेली आणि माझी गाडी सुटली ती रस्त्याच्या कडेकडेनं, तिसऱ्या गाडीला मागं टाकून, दुसरीला टाकून, गुंडूला टाकून थेट बसऱ्याच्या बरोबरीला आली. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात चक्रावर, पटका सुटून वाऱ्यावर, आणि काय विचारावं त्यांनी? "चिमणे, कुटं चाललीस गं?" जशी काय मी त्यांना न सांगता माहेराहून निघाले होते! दाजींनीही पुस्तकातून मान वर केली. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, पण माझ्याकडं इतकं टक लावून त्यांनी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मी पुढं गेले आणि कडब्याच्या गंजीत शिरले. आत गुळाच्या ढेपांसकट मऊ अंथरुणात पडल्यासारखी. मोडलं काही नाही, माझी एक बांगडी सोडून. बसऱ्या तिन्ही गाड्यांना घेऊन खालच्या ओढ्यातून पाणी उडवत गेला आणि समोरच्या चढावर दम लागून आपणच थांबला. आबा मागं माझ्याकडं पळत आले, हातांनी कडबा उपसला, मला वर काढलं आणि म्हणाले, "लागलं का?" मी म्हटलं, "न्हाय." मग म्हणाले, "गूळ?" मी म्हटलं, "त्यालाबी न्हाय." तेव्हा ते मटकन कडब्यात बसले आणि हसायला लागले. कृष्णात, ते पोट धरून हसत होते. असे मी त्यांना आई गेल्यापासून बघितले नव्हते. फक्रुद्दीन हसला, गुंडू हसला, कडब्याचा धनी शिव्या द्यायला आला होता, तोही हसून साखळी जोडायला वाकला.

पुढचं थोडक्यात लिहिते. मावळतीला दिवस अजून कासराभर वर असताना आम्ही शाहूपुरीत शिरलो. साऱ्या पेठेतले हमाल, व्यापारी, गिऱ्हाईक रस्त्यावर आले. बसऱ्याला घुंगरमाळ बांधली होती, ती चाळासारखी वाजत होती. आबांनी चार गाड्यांची ती रांग पेढीच्या बोळात घातली आणि समोरच्या भिंतीपासून बरोब्बर चार बोटांवर बसऱ्या उभा केला. टाळ्या पडल्या. व्यापाऱ्यांनी आबांच्या पटक्यावर नवा पटका बांधला. आधी हसलेले गाडीवाले आपल्या बैलगाड्या घेऊन दुसऱ्या दिवशी पोचले आणि येऊन पाया पडले. एकंदरीत, तुझ्यावाचून आमचं काहीही अडलेलं नाही, हे कळावं म्हणून हे पत्र. तू सुखानं तिकडं राहा. खजूर खा, ऊन टाळ.

तुझी आक्का,
चिमणाबाई

ता. क. बसऱ्या भिंतीपासून चार बोटांवर आबांनी थांबवला असं वर लिहिलं आहे. खरं म्हणजे पेट्रोल संपलं.

आणखी ता. क. आम्ही पोचलो हे लिहिलं, परत आलो असं कुठंही लिहिलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. गाड्या सोडवून ज्याच्या त्याला दिल्या, पण बसऱ्याला अकरा दिवस झाले, तो अजून बोळातच आहे. मागं कसा न्यायचा ते कुणाला येत नाही. पुस्तकात ते पान होतं, पण कोंबड्यांनी अंड्यांखाली घेतलं. व्यापारी आधी तणतणले, आता त्याच्या सावलीत बसून चहा पितात. बैल लावून ओढू म्हटलं तर आबा म्हणतात, "जनावराला शेपटीनं वडायचं न्हाय."

शेवटचं ता. क. हे दाजींच्या आणि आबांच्या चोरून लिहिते. परवा आम्ही बसऱ्याला बघायला पेठेत गेलो होतो, तेव्हा दरबारच्या मोटारीचा ड्रायव्हर मुद्दाम आला. गिअरची दांडी बघून म्हणाला, दोन मिनिटांचं काम हाय, काढून देतो. आबांनी त्याला मान देऊन बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "नगो पावणं, तुमी कशाला तरास घेता? आमचा डायवर घरचाच हाय. वाटंत हाय त्यो." साऱ्या पेठेसमोर म्हणाले. तेव्हा आता निघ.