जमनाताईंचे ठिपके

६ जानेवारी
तलासरीकडच्या पाड्यांचे फॉर्म आले. प्रश्न एकच: आपले पुढारी भाऊ, त्यांच्या कामाला दहापैकी किती मार्क? सगळीकडे आठ. सहा महिने, दर फेरीला आठच. एंट्रॉपी, म्हणजे उत्तरांतली अनिश्चितता, जवळजवळ शून्य. विचारायच्या आधीच ठाऊक असलेल्या उत्तरात माहिती ती काय असणार? गाइड सर म्हणाले, "पाडे वगळा, डहाणू शहरावर भागवा." म्हणजे पीएच.डी.चा अर्धा भाग पाण्यात. दिवसभर चिडचिड.

९ जानेवारी
कासाहून जीपने पाड्यावर. तिथली बोली मला येत नाही, म्हणून फॉर्म भरायला जमनाताई, तिथल्या अंगणवाडीसेविका. त्यांना स्पष्टच विचारलं, घरी बसून तर भरले नाहीत ना? बाईंना लागलं ते. विचारायला नको होतं.
"बोलले तेच लिवलंय मॅडम. आन् बोलायला थांबले ते बी लिवलंय."
कुठे?
समासात. प्रत्येक आठाशेजारी पेन्सिलीचे बारीक ठिपके. कुठे एक, कुठे पाच. उत्तर येईपर्यंत एका श्वासाला एक.
"बाळाचं वजन करताना काटा हालतो, तवर मी आकडा लिवत नाय. तसंच हे."
मला वाटायचं, पेन्सिल टेकवायची सवय असेल. कॉम्प्युटरवर भरताना मीच सोडून दिले. स्टॅटिस्टिक्स शिकवते म्हणे.

१२ जाने.
चिखल्याला आईकडे. बोंबील वाळत घालता घालता तिला ठिपक्यांचं सांगितलं. जन्मभर मासळी विकलेल्या तिला काही नवल नाही.
"भाव ऐकून लगेच 'महाग' बोलला तो घेतो. गप रायला तो गेला. ह्याला कॉलेज कशाला लागतं?"
मी बोंबील उलटे करत बसले.

१८ जाने.
सगळे ठिपके मोजून भरले. आठ तेच, पण आठाआठांत फरक. शाळेजवळच्या पाड्यावर एकेक ठिपका. भाऊंनी टाकी बांधली पण नळाला पाणी नाही, त्या पाड्यावर चार-पाच, आणि महिन्यागणिक वाढते. एंट्रॉपी चांगली वर आली. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. सरही खूश: "हाच तुमचा प्रबंध."
स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

२३ जाने.
सांगत सुटले त्याचं फळ. भाऊंचा माणूस कॉलेजात आला. अतिशय गोड बोलणं. "भाऊंना तुमचा अभ्यास फार आवडला. पाड्यांच्या नावांसकट फॉर्म मिळाले, तर कामं सुधारता येतील." खरंही असेल. नळाला पाणी येईलही. किंवा आहे तो टँकरही बंद होईल. प्राचार्य म्हणाले, देऊन टाका, काय बिघडतं?
नुसते आठ असते तर हसत दिले असते.

२५ जाने.
जमनाताईंना फोन.
"आठ द्या त्यांना. ठिपके माझे हायेत. लोकांनी जे तोंडानं नाय सांगितलं, ते आपण कसं सांगायचं?"
म्हटलं, पण ठिपक्यांशिवाय माझ्या प्रबंधात काही उरत नाही. आणि नळाचं काय?
गप्प. मी मोजलं, चार श्वास. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या. तुमीच ठरवा."
फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. त्यांचेही श्वास मोजत होते मी.

२९ जाने.
जमनाताई मीटिंगसाठी डहाणूला आल्या होत्या. चहाला कॉलेजात बोलावलं. नेमका भाऊंचा माणूस हजर. फॉर्म सोमवारी न्यायला येतो म्हणाला. निघताना हसत विचारलं, "बाकी मॅडम, तुम्ही स्वतः किती मार्क द्याल भाऊंना?"
"आठ," म्हटलं.
तो खूश होऊन गेला. जमनाताई बशीतला चहा फुंकत होत्या, वर पाहिलंच नाही. फॉर्म कपाटात आहेत, किल्ली माझ्या पर्समध्ये. ताईंना स्टँडवर सोडायला गेले. बस यायला बराच वेळ होता. माझ्या आठाशेजारी किती ठिपके पडले असते, विचारायचं होतं. विचारलं नाही.