चाकं राहिली

मंगळवार, संध्याकाळ

विमान कंपनी बंद पडून वैमानिकाची नोकरी गेल्यापासून रोज जेवणाच्या खुर्चीत बसून विमान उडवतो. डोळे मिटून, हात हवेत. सराव मोडला आणि नेमकं दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं तर? पण येणार आहे का ते?

बाबा पेपराआडून नेहमीचं विचारतात, "पोचलात का? मग येताना दळण घेऊन या."

आज धावपट्टी सोडली, वर चढलो आणि पुढचं काही आठवेना. हात नुसता हवेत. झोपेतही चुकलं नसतं असं काहीतरी. संपलं का सगळं? तो अडकलेला हात अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पेपराआडून बाबा हळूच म्हणाले, "चाकं आत घ्यायची राहिली."

रोज बघत होते तर.

मी चाकं आत घेतली.