फळ्यांखालची जागा

अण्णा, तुम्ही सातपूरच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतात, तेव्हा एका सुट्टीत मला आपल्या स्वयंपाकघराचा नकाशा काढायला सांगितलं होतंत. मी पाचवीत. ओटा, खिडकी, फडताळ, सगळं झोकात काढलं. तुम्ही टेपने ओटा मोजलात आणि कागद माझ्या हातात परत दिलात. "हे चित्र झालं. आधी मोज, मग काढ." आई म्हणाली, "अहो, लहान आहे ती." तुम्ही म्हणालात, "म्हणून ओटा लहान होत नाही." मी रडत रडत मोजलं. आज त्याच कामावर माझं पोट चालतं.

सध्या इंदिरानगरच्या घरी बसून परदेशातल्या एका संशोधन गटासाठी नकाशे काढते. महायुद्धात नाझी ज्यू माणसांना हुडकून मारायला नेत होते, तेव्हा काही जण कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात लपून राहिले. त्यातल्या उरलेल्या जागांची मापं तिकडून येतात. मध्यंतरी पोलंडमधल्या एका शेतघराची आली. स्वयंपाकघराच्या फळ्यांखालचा खड्डा. लांबी साडेचार फूट, रुंदी तीन, खोली अडीच. तिथे एक आई आणि तिची पाच वर्षांची मुलगी दीड वर्ष राहिली. ती मुलगी आता नव्वदीला टेकली आहे. नकाशा बघून तिने कळवलं, हा चुकलाय, आम्ही दोघी पाय पसरून झोपायचो, मला पक्कं आठवतं.

मी आकडे तीनदा तपासले. हलेनात. मग एका दुपारी जेवणाच्या टेबलाखाली चिकटपट्टीने ती जागा आखली, चारी बाजूंनी चादरी सोडल्या आणि आत शिरले. मुलीच्या जागी उशी ठेवली. पाय लांब करायला जावं तर ते पट्टी ओलांडतात. गुडघे पोटाशी घेतले, तरी डोकं पुढे झुकवावं लागतं. बाहेर भाजीवाला ओरडतोय, शेजारी कुकरची शिट्टी होतेय, आणि मला माझाच श्वास तोंडावर परत येताना कळतोय. कूस बदलायची तर उशी दाबली जाते. म्हणजे बदलायचीच नाही. दहा मिनिटांत घाबरून बाहेर आले, टेबलाची कड कपाळाला लागली. उशी मात्र आत सरळ पडली होती, ऐसपैस.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंशी फोनवर बोलले. त्यांना इंग्रजी येतं. विचारलं, "तुमची आई उंच होती का?" "खूप. वडिलांपेक्षाही." "आणि बाहेर आल्यावर?" "वाकून चालायची. गुडघे सरळ होत नसत. शाळेतल्या मुली हसायच्या, म्हणून मी सांगायचे, ही माझी आजी आहे." मग एकदम म्हणाल्या, "हे का विचारतेस? ती माझ्या शेजारी कशी झोपायची?"

उत्तर माझ्या गुडघ्यांत अजून ठणकत होतं. बरोबर आलेलं माप असं समोरच्या माणसाला कसं सांगायचं, ते तुम्ही कधी शिकवलं नाहीत. मी म्हणाले, "तुमचा आवाज तुटतोय." फोन बंद झाला.

चार दिवसांनी त्यांनी लिहिलं, "माप बरोबर असणार. नकाशात माझी आई दाखवशील? होती तशी." काढली. पाठ भिंतीला, गुडघे छातीशी, हनुवटी खाली. शेजारी मुलगी, पाय लांब. त्यांनी तो कागद नातवंडांना दाखवला, आणि पहिल्यांदाच ती शाळेतली गोष्टही सांगितली. काम संपलं. पण मी अजून त्या फळ्यांखालून पुरती बाहेर आलेले नाही. लिफ्ट टाळते. न्हाणीघराची कडी लावत नाही. घरात विचारतात, काय झालंय तुला. काही नाही म्हणते.

हे पत्र कुठे टाकणार, अण्णा? त्या नकाशाच्या फोल्डरमध्येच ठेवून देते. एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी त्यांचा आवाज तुटत नव्हता. अगदी स्वच्छ येत होता. फोन मीच ठेवला.