अम्मेचा बादगीर

तेहरान, १० तीर

प्रिय मोरवारीद अम्मे, माझ्या लाडक्या आत्याला भाचीचा सलाम, वि. वि.

गुडघे सोडून बाकी तू ठणठणीत असशील. तुझ्या गच्चीवरच्या बादगीराने, त्या वारा पकडणाऱ्या मनोऱ्याने, मात्र माझी पीएचडी धोक्यात आणलीय. मी हवा सलग धरत नाही. ती कणांची गर्दी आहे, धावणारी, आदळणारी, आदळताना ऊब वाटून घेणारी, असा माझा हिशेब. त्याप्रमाणे वारा पडलेल्या दुपारी त्या तापलेल्या मनोऱ्यातून हवा वर जायला हवी. नवरोजला मी आत बसवलेली यंत्रं म्हणतात, खाली येते! आमचे सर, डॉ. सफाकीश, म्हणाले, कण कचऱ्यात टाक, हवा सलग धरणारी जुनी समीकरणं घे, नाहीतर प्रबंधावर सही करणार नाही. मी म्हटलं, टाकणार नाही. मला रडू येत नाही गं, संताप येतो. त्या मनोऱ्यात काहीतरी गार आहे. खरं सांग, आत काय ठेवलंयस?

तुझी,
फरंगीस

यज्द, १७ तीर

चि. फरंगीस, उदंड आयुष्य लाभो.

माझ्या बादगीरात काहीही नाही, समजलीस? झाडून लख्ख आहे. तुझा बापही लहानपणी असेच आळ घ्यायचा माझ्यावर. आत फक्त कलिंगडं आहेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून दोरीने टांगलेली. ती काय ठेवलेली वस्तू झाली? उन्हाळा लागला की अख्खी गल्ली टांगते. सकाळ-दुपार मी गोणपाटावर पाणी मारते एवढंच. तुझ्या यंत्रांना बोट लावलेलं नाही. आणि त्या सफाकीशला सांग, मोरवारीदची भाची डोळे वटारल्याने घाबरत नाही.

वेळेवर जेव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अम्मे

तेहरान, २९ तीर

प्रिय अम्मे, तुझ्या गुडघ्यांना आणि जिभेलाही सलाम!

गोणपाट हिशेबात घातलं. ओल्या कापडावर आदळून कण गारठले, हवा जड झाली आणि सरळ खाली उतरली, यंत्रं सांगत होती तशीच. मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले. सरांनी आकडे तपासले. मग म्हणाले, प्रबंधात कलिंगड नको, हसं होईल, नुसतं ‘ओला पृष्ठभाग’ लिही, नाहीतर परीक्षकांपुढे मी तुझी बाजू घेणार नाही. मी साफ नाही म्हटलं. आकृतीत गोणपाट आहे, दोरी आहे, खाली तुझं नाव आहे.

पुढच्या महिन्यात, मोर्दादच्या दुसऱ्या शनिवारी तोंडी परीक्षा. सगळ्यांच्या घरचे मिठाई घेऊन येतात. तू आणू नकोस. पहिल्या रांगेत बस आणि मांडीवर कलिंगड ठेव, त्याच गोणपाटात. पास झाले तर पहिली फोड सरांना. नापास केलं तर आपण दोघी तिथेच बसून खाऊ, आणि कुणाला साल पण द्यायची नाही.

तुझीच,
फरंगीस