टिल्लीचा वेगळा पाव

४ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, गव्हाचा त्रास असू शकतो. अगदी सहज म्हणाले, हवापाण्याबद्दल बोलावं तसं! गव्हातल्या चिकट भागाशी शरीर भांडतं आणि त्या भांडणात स्वतःचंच आतडं सोलून काढतं. सिलिअ‍ॅक म्हणतात. खरं-खोटं रक्त तपासल्यावर कळेल. मोठ्या दवाखान्यात तारीख मिळाली ती थेट डिसेंबरातली.

माझी टिल्ली सात वर्षांची आहे, दिसते पाचाची. हातापायाच्या काड्या, पोटाचा नगारा. आणि बाप कोण, तर बेकरीवाला! घरात मिठापेक्षा मैदा जास्त.

आई तिच्या पोटाकडे बघून म्हणाली, "धाकटीचं असंच होतं." धाकटी म्हणजे माझी बहीण. पाचाची असताना वारली, तेव्हा मी आठाचा. आई एवढंच बोलली आणि भांडी घासायला लागली. मला आवडलं नाही ते.

७ ऑक्टोबर

हातावर हात ठेवून दोन महिने बसणं आपल्याच्याने होणार नाही. आज टिल्लीपुरता वेगळा पाव केला — तांदळाचं पीठ, मका, उकडलेला बटाटा. पहिल्याची वीट झाली. तिसरा जमला. वरून दूध फिरवलं, रंगही तोच आला. बिस्किटंही तशीच केली.

कुणाला सांगितलं नाही. हिला तर नाहीच. "डॉक्टरांना विचारलंस का?" हा बायकोचा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे पोळ्या होत नाहीत, भात आणि पावच; पाव-बिस्किटं सगळी माझ्याच भट्टीतली, कोण ओळखणार!

२९ ऑक्टोबर

टिल्ली आज जिना एका दमात चढली.

११ डिसेंबर

रक्त काढलं. नर्सने विचारलं, गहू खाते ना रोज? ही म्हणाली, रोज, बाबाचीच बेकरी आहे. नर्स हसली, मीही हसलो. पोरांना बोलण्यात गुंतवलं की सुई कळत नाही. टिल्ली रडली नाही.

१५ डिसेंबर

रिपोर्ट आला! दोनच ओळी. वरची टीटीजी — आकडा ६, दहापर्यंत चालतो. खालची एकूण आयजीए — तीही ठीक. डॉक्टरांनी फोनवर फोड करून सांगितलं. वरची ओळ म्हणजे गव्हाविरुद्ध शरीराने किती शिपाई उभे केलेत. खालची म्हणजे शिपाई उभे करायची ताकद मुळात आहे का. ताकद आहे, शिपाई नाहीत — म्हणजे भांडण नाही.

जिवात जीव आला. ही फोन ठेवून रडली. उद्यापासून माझं नाटक बंद. टिल्लीला खरा बन, भट्टीतून काढलेला, गरम!

८ जानेवारी

पुन्हा पोट. शाळेतून दोनदा फोन.

२१ जानेवारी

जिन्याच्या मधेच बसली. म्हणाली, इथेच थांबते.

२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट परत परत पाहिला. मग विचारलं, मधले दोन महिने बरी होती, तेव्हा काय वेगळं खात होती? बायको म्हणाली, काहीच नाही. मी सांगून टाकलं — तांदूळ, मका, बटाटा, सगळं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "समोर शत्रूच नसेल तर शिपाई घरी जातात. आपण रिकामं मैदान मोजलं." सहा हा आकडा खरा होता. पण तो माझ्या पावाचा होता, टिल्लीचा नव्हे.

आणि आता गहू थांबवायचा नाही! पोट दुखतं म्हणून ती हल्ली पाव नुसता कुरतडते, तेवढ्याने भागणार नाही; रोज पुरे दोन काप, एक महिना, मग पुन्हा रक्त. मधे थांबवला तर सगळं पहिल्यापासून. तब्येत फार ढासळली तर लगेच आणा म्हणाले. करायला गेलो एक, झालं भलतंच.

घरी आल्यावर ही दारात म्हणाली, "तू केलंस, आता भरवायचंही तूच. मला हाक मारू नकोस."

९ फेब्रुवारी

दोन काप भरवायला पाऊण तास लागतो. आज ती म्हणाली, "बाबा, तुझा तो आधीचा पाव कर ना. तो दुखायचा नाही."

तिला कळत होतं. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं होतं कुणी ओळखणार नाही.

२५ फेब्रुवारी

वजन अर्धा किलो उतरलं. डॉक्टरांना फोन केला. पाचच दिवस राहिलेत म्हणाले, जमेल का बघा. माझेच हात, त्याच हातांनी मळायचं, त्याच हातांनी भरवायचं. लाज वाटते स्वतःची.

आईने आज बशी माझ्या हातून घेतली. तुकडा तोडला, टिल्लीच्या तोंडापर्यंत नेला आणि बशीत परत ठेवला. मग आपल्या खोलीत जाऊन पडली. जेवायलाही उठली नाही.

६ मार्च

आकडा १४०.

डॉक्टर म्हणाले, आता शंका फारशी नाही. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीने आतडं बघू, मग गहू कायमचा बंद. मुलांचं आतडं लवकर भरून येतं म्हणाले. मग विचारलं, घराण्यात आणखी कुणाला होतं का? मी नाही म्हणालो. ही माझ्याकडे बघत राहिली.

१९ मार्च

दुर्बीण झाली. गहू बंद. आज टिल्लीचा पाव उघडपणे केला, वेगळं पातेलं, वेगळं टेबल. तिने दोन काप मागून घेतले.

दुपारी आई बेकरीत आली. किती वर्षांनी! पिठाच्या पोत्याजवळ उभी राहिली. म्हणाली, "धाकटीच्या अंगी लागावं म्हणून मी दुधात पाव कुस्करून द्यायचे. तोंड फिरवायची ती. मी नाक दाबून भरवायचे. तो गव्हाचाच होता ना रे?"

मी म्हटलं, नाही आई, तेव्हा आपल्याकडे मक्याचा करायचे.

"पीठ मळायचे तर मीच," ती म्हणाली.